पक्कड पूजेत होती

उस्ताद, त्या गाडीबद्दल मी आजवर कोणाशीही खरं बोललेलो नाही. घरात विषय निघालाच तर सांगतो, वडिलांनी एक जुनी विलायती गाडी हौसेनं दुरुस्त करून घेतली होती आणि पहिल्याच फेरीत तिचे ब्रेक लागले नाहीत. का लागले नाहीत, असं नातवंडं विचारतात. जुनं यंत्र, म्हणतो, आणि पेपर उघडतो. आता मी तुमच्या तेव्हाच्या वयाहून बराच म्हातारा झालो आहे. तुम्ही तेव्हा पंचावन्नचे असाल, मला मात्र फार म्हातारे वाटायचात. तुमची पाठ वाकलेली होती म्हणून असेल, किंवा मी चोवीस वर्षांचा आणि बिनकामाचा होतो म्हणून असेल.

गाडी अकोल्याच्या एका जिनिंगच्या आवारात पडून होती. तिथला गोरा मॅनेजर स्वातंत्र्यानंतर निघून गेला, ती मागे राहिली, आणि पुढची नऊ-दहा वर्षं तिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या. दोन माणसांपुरती जागा, डोक्यावर छप्पर नाही, लांबलचक नाक, तारांच्या आऱ्यांची चाकं. जिनिंगच्या नव्या मालकाचा एक जुनाट दावा वडिलांनी जिंकून दिला, त्या आनंदात त्यानं ती त्यांना देऊन टाकली. आवार मोकळं व्हावं म्हणूनही दिली असेल. तुम्ही त्या साहेबाचे ड्रायव्हर आणि मेकॅनिक, दोन्ही होतात. तेव्हा गाडीमागोमाग तुम्हीही आलात. आमच्या अमरावतीच्या घरामागे टिनाची शेड होती, तिच्यात ट्रकवरून गाडी उतरवली, आणि वडिलांनी चष्मा पुसत विचारलं, "उस्ताद, चालेल का ही?" तुम्ही बॉनेटवर बोटानं ठकठक केलंत, खाली वाकून सांगाड्याला नख लावून पाहिलंत. "हाड पक्कं हाये, वकीलसाहेब. मास सडलं. मास आपण नवं लावू." वडील इतके खूश झालेले मी फार क्वचित पाहिले. त्यांनी तिथंच जाहीर केलं की येत्या दसऱ्याला याच गाडीतून सीमोल्लंघनाला जायचं, आणि कोर्टाच्या बाररूममध्येही सगळ्यांना सांगून टाकलं. मग मागे फिरायची सोयच उरली नाही.

मी तेव्हा लॉच्या परीक्षेत दुसऱ्यांदा आपटलो होतो. वडील रागावत नसत, ते फक्त बोलत. जेवताना ताटाकडे बघत म्हणायचे, "याच्या हातून एक काम पुरं होत नाही." आई वाढता वाढता थांबायची, आणि मी आमटीत भात कालवत राहायचो. तुमच्या हाताखाली मला लावलं तेही शिक्षा म्हणूनच लावलं होतं. तुम्ही मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलंत आणि म्हणालात, "छोटे वकील, नखं काढून ये आधी." त्या दिवसापासून तुम्ही मला छोटे वकीलच म्हणत आलात, आणि खरं सांगतो, त्या चिडवण्यात जेवढी माया होती तेवढी मला घरात कोणी दाखवली नव्हती.

दर शुक्रवारी तुम्ही तुमचं अकोल्यातलं दुरुस्तीचं दुकान बंद ठेवून पहिल्या गाडीनं बडनेऱ्याला उतरायचात, तिथून अमरावतीला. दुपारी नमाजाला जाऊन परत यायचात, मुक्कामाला तुमच्या बहिणीकडे जायचात आणि शनिवारी संध्याकाळी परतायचात. त्या दोन दिवसांची मी आठवडाभर वाट बघायचो. उरलेले दिवस मी गंज खरवडायचो. घासलेट, काचपेपर, तारेचा ब्रश. लाल भुकटी नाकातोंडात जायची, धोतर-सदरा कायमचा विटकरी झाला. पत्र्याला इतकी भोकं होती की आई म्हणाली, "यातून पीठ चाळता येईल मले." पण गंजाखाली चांगलं लोखंड लागलं की तुम्ही माझा हात धरून त्यावर ठेवायचात. गार, गुळगुळीत. "पाह्य, जित्तं हाये." 

साहेबाची गाडी जशीच्या तशी उभी करून चालणार नव्हतं. तिचं पोट जमिनीपासून जेमतेम वीतभर वर. आपल्याकडच्या गाडरस्त्यांवर ती पहिल्याच चाकोरीत अडकून बसली असती. तुम्ही लष्करी लिलावातल्या जीपच्या स्प्रिंगच्या पट्ट्या आणून तिला उंच केलंत. रेडिएटर मोठा बसवलात, कारण आपल्या उन्हाळ्यात तो विलायती रेडिएटर टिकला नसता. वडिलांना गाडी उंच झाल्यावर ती जरा बैलासारखी दिसते असं वाटलं, पण बोलले नाहीत. उंच केल्यामुळे ब्रेकचे लोखंडी दांडे आखूड पडू लागले. तेव्हाच्या गाड्यांना ब्रेकचं तेल-बिल नव्हतं; पायपट्टी दाबली की दांडे ओढले जायचे आणि चाकं आवळली जायची. तुम्ही लोहाराच्या भट्टीपाशी बसून नवे दांडे घडवून घेतलेत. त्यातला मुख्य दांडा, ज्याला तुम्ही मेन राड म्हणायचात, पायपट्टीला एका खिळीनं जोडला होता. खीळ निसटू नये म्हणून तिच्या टोकाच्या भोकात दोन पायांची बारीक पिन घालायची आणि पक्कडीनं तिचे पाय फाकवायचे. एवढंच काम. लहान मूलही करील असं.

आणि खडू. तुमचे मेव्हणे टेलर, त्यांच्याकडचा कापडावर आखायचा चपटा खडू तुमच्या खिशात असायचा. एक जोड पुरा झाला, आवळला, तपासला, की त्यावर खडूची बारीक तिरकी रेघ. रेघ असलेल्या जोडाला पुन्हा हात लावायचा नाही, आणि रेघ नसलेल्या जोडावर विसंबायचं नाही. तो खडू तुम्ही मला दिलात त्या दिवशी मला नोकरीची ऑर्डर मिळाल्यासारखं वाटलं. दुसऱ्याच आठवड्यात मी चाकाचे नट हातानं फिरवून ठेवले, चहा आला म्हणून आधी रेघा मारून टाकल्या, म्हटलं पिऊन आल्यावर आवळू. तुम्ही पाहिलंत. बाहीनं सगळ्या रेघा पुसल्यात, चारही चाकं काढायला लावलीत आणि पुन्हा बसवायला लावलीत. दिवस गेला. मी रडकुंडीला आलो. "खूण म्हंजे जबान हाये, छोटे वकील. काम झाल्यावर द्याची. आधी दिली तं ते झूठ." मग म्हणालात, "नट ढिला राह्यला तं माणूस मरन. तू नाही मरनार, दुसराच कोनी मरन. म्हून सांगून राह्यलो."

चहाचीही एक गोष्ट लिहायला हवी, नाहीतर हे पत्र मी माझ्याच सोयीचं करीन. तुमचा कप वेगळा होता. मागच्या दाराच्या कोनाड्यात असायचा. आई वरून चहा ओतायची, तुम्ही पिऊन नळावर धुऊन परत तिथंच ठेवायचात, आणि आम्हा कोणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. आई तुमच्याशी भरभरून बोलायची, तुम्ही तिला वहिनी म्हणायचात, तुमच्या धाकटीच्या लग्नाची काळजी तिला स्वतःच्या मुलीइतकी होती. आणि कप कोनाड्यातच. तुम्हाला ते खुपत होतं की नाही, हे मी कधी विचारलं नाही.

घटस्थापनेपासून आठ दिवस तुम्ही दुकान बंद ठेवून अमरावतीलाच राहिलात. अष्टमीच्या दुपारी गाडी जवळजवळ पुरी झाली. गडद हिरवा रंग, मेव्हण्यांनी शिवलेली रेक्झिनची गादी. संध्याकाळी तुम्हाला परतावं लागणार होतं, कारण धाकटीला पाहायला दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार होते. आई खंडेनवमीची तयारी करत होती. आमच्याकडे घरातलं प्रत्येक हत्यार पुजलं जायचं, विळीपासून वडिलांच्या टाकापर्यंत, आणि नवमीला एकदा पाटावर मांडलं की दसऱ्याची आरती होईपर्यंत त्याला कोणी शिवायचं नाही. तुम्ही आपली पेटी आपण होऊन आईसमोर ठेवलीत. "माह्या पान्यांलेबी कुंकू लावा वहिनी. वर्षभर शिव्या खाल्ल्या त्यायनं." आई हसली. टांगा दारात उभा आहे, तुम्ही पायरीवर बसून चप्पल घालता आहात, आणि मला सांगता आहात, "मेन राडची पिन मोडली जुनी. आपल्याजवळ त्या मापाची नाही. उद्या बाजारातून आनजो, घालजो, पाय फाकवजो. मंग खूण." मी हो म्हणतो. टांगेवाला घाई करतो. तुम्ही चढता चढता पुन्हा वळून म्हणता, "मेन राड." मी पुन्हा हो म्हणतो. हे मला आजही इतकं स्वच्छ दिसतं की तुमच्या चपलेचा तुटका अंगठा सांगू शकेन.

नवमीला सकाळी मी पिन आणली. येईपर्यंत आईनं सगळी हत्यारं पाटावर मांडली होती. पाने, हातोडी, कानस, पक्कड. हळदकुंकू, झेंडूची फुलं, वर उदबत्ती. मी म्हटलं, "आई, दोन मिनिटं पक्कड पाहिजे." ती म्हणाली, "पूजेतलं हत्यार उचलते का कोनी? उद्या आरती झाली का घे." गल्लीत दोघांकडे विचारलं, त्यांचीही पक्कड पूजेत. सगळ्या अमरावतीत त्या दिवशी पक्कड पूजेतच असणार. मी शेडमध्ये गेलो, पिन भोकात घातली, पाय बोटांनी फाकवायचा प्रयत्न केला. कडक तार, हलेना. बोटाला रक्त आलं, तशी पिन नुसतीच भोकात राहू दिली. ठरवलं की उद्या आरतीनंतर पक्कड मिळाली की पहिलं हेच. तुमच्या बहिणीचं घर मैलभर होतं. तिथं टेलरमास्तरांकडे पक्कड होती आणि त्यांच्याकडे ती काही पूजेत नव्हती. हे मला तेव्हाही सुचलं होतं. ऊन होतं, मी गेलो नाही.

थोड्या वेळानं वडील शेडमध्ये आले. बाररूममधले दोघं बरोबर होते, त्यांना गाडी दाखवायची होती. वडिलांना खुणांची रीत ठाऊक होती, ते मोठ्या अभिमानानं वाकून एकेक रेघ दाखवत चालले होते. मुख्य दांड्यापाशी आले आणि म्हणाले, "इथं खूण नाही." मी म्हटलं, "थोडंसं राहिलंय." ते पाहुण्यांकडे वळून हसले. "बघा. याच्या हातून एक काम पुरं होत नाही, म्हणतो ते उगीच नाही." पाहुणेही हसले. ते चहाला आत गेल्यावर मी खिशातून खडू काढला आणि रेघ मारली. संध्याकाळी वडील पुन्हा एकटेच येऊन बघून गेले. माझ्या पाठीवर हात ठेवला. उस्ताद, तो हात मला फार हवा होता.

दसऱ्याला आरती संपते न संपते तोच वडील कोट घालून गाडीत जाऊन बसले. मुहूर्त टळतो म्हणाले. सगळी गल्ली दारात जमली होती. आई गाडीला ओवाळत होती. पक्कड आत पाटावर, वीस पावलांवर. वडील म्हणाले, "बस." आणि मी बसलो. ब्रेक लागत होते, मी स्वतः पायपट्टी दाबून पाहिली होती. जाऊन-येऊन दहा-बारा मैलांचा प्रश्न, असं मनाशी म्हटलं. इतक्या लोकांसमोर खाली उतरून 'थांबा, ती खूण खोटी आहे' असं म्हणणं मला जमलं नाही. चांदूरच्या रस्त्यानं गावाबाहेर पडलो. लोक आपट्याची पानं घेऊन परतत होते, गाडी बघून थांबत होते, वडील हात हलवत होते. पोहऱ्याच्या उतारावर त्यांनी ब्रेक दाबला आणि पायपट्टी सरळ खाली जाऊन बसली. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. एवढंच मला नीट आठवतं, की ते घाबरलेले नव्हते, मला काहीतरी विचारत होते. मग समोर बैलांची बंडी आली, त्यांनी स्टिअरिंग वळवलं आणि आम्ही नाल्यात गेलो. मी बाहेर फेकला गेलो, चार ओरखडे. त्यांच्या मांडीचं हाड दोन जागी मोडलं होतं.

तुम्ही तिसऱ्या दिवशी आलात. गाडी दोराला बांधून आणून शेडमध्ये ठेवली होती. इस्पितळात जाण्याआधी तुम्ही तिच्याखाली गेलात आणि बराच वेळ बाहेर आला नाहीत. मग बाहेर आलात. "खूण हाये," तुम्ही म्हणालात. "पिन नाही." मग तुम्ही माझ्याकडे न बघता, हात पुसत, विचारलंत, "मी तुले सांगतलं होतं नं? पिन घालजो म्हून?"

मी म्हणालो, "नाही उस्ताद."

तुम्ही पुन्हा विचारलंत, हळू आवाजात. "टांग्यात बसतानी?"

"मला आठवत नाही."

तुम्ही खाली बसलात. मेव्हण्यांनी दिलेली नवी टोपी होती डोक्यावर, ती काढून मांडीवर ठेवलीत. "पाव्हन्याइच्या घाईत होतो," म्हणालात. "मीच खूण मारली असन. खूण मारली आन् पिन राह्यली." तुम्ही आपले दोन्ही हात उलटे-सुलटे करून बघत होतात. तेव्हा जरी मी बोललो असतो तरी चाललं असतं. तुम्ही माझ्या थोबाडीत मारली असती, वडिलांनी तोंड पाहिलं नसतं, आणि ते सगळं मी सहन केलं असतं असं आता म्हणायला काय जातं. मी बोललो नाही. त्या दिवशी आईनं तुम्हाला चहा दिला नाही. तुम्ही इस्पितळात गेलात, पलंगाच्या पायथ्याशी उभे राहिलात आणि वडिलांना म्हणालात, "साहेब, माह्या हातानं झालं." वडील फक्त म्हणाले, "तुमच्या भरवशावर बसलो होतो, उस्ताद." त्यापेक्षा मोठी शिक्षा कोणतंही कोर्ट देऊ शकलं नसतं. पुढं तेच वाक्य ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत राहिले, आणि ते अकोल्यापर्यंत पोचलं.

वडील पुढची अकरा वर्षं काठीवर चालले. कोर्टात त्यांना बसून बोलायची परवानगी होती. गाडीवर ताडपत्री टाकली. दोन पावसाळ्यांत गंजानं तिचा तळ पुन्हा खाल्ला आणि शेवटी ती भंगारात गेली. मी तिसऱ्या खेपेला लॉ पास झालो. चांगली वकिली केली. साक्षीदाराला तयार करताना किती वेळा सांगितलं असेल, अडचणीचा प्रश्न आला तर 'आठवत नाही' म्हणा. त्याला कोणी खोटं ठरवू शकत नाही. हे मी कुठं शिकलो ते अशिलांना कधी कळलं नाही.

अपघाताला चार-पाच वर्षं झाली असतील. कोट शिवायला टाकला होता, तेव्हा टेलरमास्तरांनी माप घेता घेता सहज सांगितलं की तुम्ही ब्रेकचं काम घेणं सोडलं. हात थरथरतो का, मी विचारलं. "हात कायले थरथरते," ते म्हणाले. "हात अजून लोखंडाचे हायेत. पन भरोसा नाही राह्यला त्यायले. एक नट दहा दहा वेळा पाह्यते. काम झाल्यावर घरून परत येते पाह्याले." त्यांनी फीत माझ्या छातीभोवती ओढली आणि माप वहीत लिहिलं.

त्यानंतर महिन्याभरात मला अकोल्याच्या कोर्टात तारीख होती. काम दुपारीच आटोपलं. मी ताजनापेठेत तुमच्या दुकानाशी गेलो. सांगायचंच म्हणून गेलो होतो, वाक्यं गाडीत पाठ केली होती. तुम्ही एका ट्रकखाली होतात, फक्त पाय दिसत होते. दुकानात दुसरं कोणी नव्हतं. एक माणूस सायकलवरून आला आणि जीपचे ब्रेक बघाल का म्हणून विचारू लागला. ट्रकखालून तुमचा आवाज आला, "ब्रेक नाही करत आपन. समोर जा." तो गेला. मी उभाच राहिलो. थोड्या वेळानं तुमचा हात बाहेर आला, तळवा वर, काळा, ओळखीचा, आणि तुम्ही म्हणालात, "तो मोठा पाना दे रे." कामावरचा माणूस परत आला असं तुम्हाला वाटलं असेल. मी पाना उचलून तुमच्या तळव्यावर ठेवला. हात आत गेला. पान्याचा आवाज झाला, थांबला, पुन्हा झाला, पुन्हा थांबला. तोच नट तुम्ही पाच वेळा आवळलात, मी मोजलं. मग तुम्ही विचारलंत, "कोन हाये?"

मी म्हणालो, "स्टेशन कुठल्या बाजूला, ते विचारायचं होतं."

तुम्ही रस्ता सांगितलात. अगदी नीट, कुठं वळायचं, कुठली खूण, सगळं. आणि परक्या माणसाला पटकन समजणार नाही म्हणून पुन्हा एकदा सांगितलात.

तुम्ही गेल्याचं मला टेलरमास्तरांकडूनच कळलं, तेही दोन महिन्यांनी. आता तेही नाहीत, वडील नाहीत, आई नाही. तुमचा मुलगा दुकान चालवतो असं ऐकतो. ब्रेकचंही काम करतो म्हणे, चांगलं नाव आहे. त्याला हे कळायला हवं, आपल्या बापाच्या हातून कधी काही राहिलं नव्हतं हे त्याला कोणीतरी सांगायला हवं, आणि सांगू शकेल असा जगात मी एकटाच उरलो आहे. पत्ता माझ्याजवळ आहे. तरी हे पत्र मी त्याला पाठवणार नाही, हे ते लिहायला बसलो तेव्हाच मला ठाऊक होतं. तुम्हाला लिहिलं की उत्तर येत नाही, म्हणूनच तुम्हाला लिहितो आहे.

आणि अकोल्याच्या त्या दुपारचं एक राहिलं. सांगायला धीर झाला नाही, असं मी आजपर्यंत स्वतःला समजावत आलो. पण तुम्ही दुसऱ्यांदा रस्ता सांगत होतात तेव्हा माझं लक्ष तुमच्या पायांकडे होतं, ते हलतात की काय म्हणून. ते हलले नाहीत. तुम्ही ट्रकखालून बाहेर आला नाहीत, याचं उस्ताद, मला बरं वाटलं.